लोटाभर पाणी आणि बत्तीस दात

"दात बघ ना त्याचे. मक्याचं कणीस हाय नुसतं."

सतरा वर्षांपूर्वी दाभोशाला एका कुडाच्या भिंतीपलीकडून हा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग बांगड्यांसकट दोन-तीन हसू. मी मुलगी बघायला गेलो होतो. हातात पोह्यांची बशी, तोंडात पोह्यांचा घास, आणि त्या घासाभोवती ज्यांचं वर्णन चाललं होतं ते माझे दात. मी तोंड मिटलं.

ते अजून मिटलेलंच आहे. म्हणजे बोलतो मी. जामसरच्या बाजूला एका शाळेत गुरुजी आहे, न बोलून कसं चालेल? पण हसतो ओठ मिटून. आमच्या लग्नाचा फोटो बघा. मंजुषा हसतेय, तिची बहीण हसतेय, मागे बांधलेला बैलसुद्धा प्रसन्न आहे. मी तेवढा कडू काढा गिळल्यासारखा.

मुलगी मला पसंत पडली होती, तिला मी कसा वाटलो कोण जाणे. लग्न झालं, मंजुषा घरात आली, दोन मुलं झाली. पण तो आवाज कुणाचा, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. असं फटकळ बोलणारी त्या घरात एकच, मंजुषाची थोरली बहीण पुष्पलता. मी सूड घेतला, पण सभ्यपणे. दर दिवाळीला पुष्पाताईंना मी न चुकता साडी देतो, आणि साडीचा रंग न चुकता मक्याचा पिवळा निवडतो. सतरा दिवाळ्या, सतरा पिवळ्या साड्या. बिचाऱ्या नेसतात.

दुसऱ्या बाजूनं दातांवरही माझं काम चालू होतं. या सतरा वर्षांत जव्हारच्या बाजारात दात पांढरे करणारी जी जी पेस्ट आली, ती ती मी आणली. घरच्यांची साधी पेस्ट मोरीत, माझी दप्तरात, हजेरीपटाच्या मागे. पोरं यायच्या आधी शाळेच्या पिंपापाशी उभा राहून मी दात घासायचो, नदीकाठी बाया पातेल्याचं बूड घासतात तसे. गंमत अशी की घासावं तितके ते पिवळे दिसत. मला वाटायचं, पेस्ट कमी पडतेय.

तर यंदा माघ लागला आणि माझ्या धाकट्या भावाला, नीलेशला, स्थळ आलं. आणलं पुष्पाताईंनीच. मुलगी जयश्री, मोखाड्यापलीकडच्या करवंदपाड्यावरची, मोखाड्याला एका दवाखान्यात कामाला. नीलेश वीज खात्यात वायरमन आहे. पुढे कळलं की त्या दवाखान्याची वायरिंग त्यानं महिन्याभरात चारदा तपासली होती, आणि बिघाड एकदाही सापडला नव्हता.

"दादा," तो मला म्हणाला, "तिकडे सगळं तुझ्यावर आहे. हे मोडलं तर मी दुसरी मुलगी बघणार नाय. आत्ताच सांगून ठेवतो."

सगळं माझ्यावर कसं, तेही सांगतो. आमच्या भावकीत आणि त्यांच्याही भावकीत रीत एकच. मुलीकडची म्हातारी गावच्या झऱ्याचं पाणी लोट्यातून आणते. मुलाकडच्या कर्त्या माणसानं ते एका दमात प्यायचं, लोटा उपडा करून दाखवायचा आणि म्हणायचं, पाणी गोड. झाली सोयरीक. लोटा अर्धा खाली ठेवला तर नको. तोंडानं नकार द्यायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून जुन्या माणसांनी काढलेली ही सोय. वडील गेल्यापासून आमच्या घरात कर्ता मीच. म्हणजे नीलेशचा सगळा संसार माझ्या एका घोटावर.

पण मला चिंता पाण्याची नव्हती. पाणी काय, कुणीही पितो. मला चिंता हसण्याची. सगळा पाडा समोर बसणार, चेष्टामस्करी होणार, बाया गाणी म्हणणार. तिथं पुन्हा एखादी भिंत असणार, भिंतीपलीकडे पुन्हा एखादी पुष्पाताई असणार. मी ठरवलं, आता नाही. यंदा दात असे पांढरे करायचे, की पाड्यानं म्हणावं,

*खाचरात उतरला बगळ्यांचा थवा,*
*गुरुजी हसले, उजेड झाला नवा.*

शाळेच्या गॅदरिंगसाठी मी गाणी रचतो, त्यामुळे पाड्याला जे सुचायचं ते मीच आधी रचून ठेवलं.

सोमवारी उमेशच्या दुकानात गेलो. उमेश माझाच विद्यार्थी.

"गुरुजी, ही नवीन आलीय. चौदा दिवसांत चार छटा पांढरे. आत रंगाचं कार्ड पण हाय, आरशासमोर धरून बघायचं."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा लिहिलंय."

मी हिशोब केला. चौदा दिवस, रोज दोनदा, म्हणजे अठ्ठावीस वेळा. कार्यक्रम रविवारी. हातात पूर्ण दिवस पाच. अठ्ठावीस भागिले पाच, पाच पूर्णांक सहा दशांश. दशांशात दात घासता येत नाहीत, म्हणून सहा.

"रोज सहादा घासलं की झालं," मी म्हणालो.

"गुरुजी, असं चालतं का?"

"उमेश, त्रैराशिक शिकवलं होतं ना मी? दहा मजूर दहा दिवसांत विहीर खणतात, तर शंभर मजूर?"

"एका दिवसात. पण शंभर माणसं एका विहिरीत मावायची कशी, ते मला तेव्हापण कळलं नव्हतं."

"म्हणून तू दुकानात आहेस. ब्रश दे. कडक."

"कडक म्हणजे... फरशीचा देऊ का?"

लहानपणापासून तोंडाळ. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून कोळशाची काळी पावडरही घेतली. मोबाईलवर कुणीतरी लिंबू आणि मिठाचाही उपाय पाठवला होता. शुभकार्यात कसर नको.

मंगळवारी सकाळी पेस्ट, दहाला कोळसा, दुपारी पेस्ट, चारला लिंबू-मीठ, संध्याकाळी पेस्ट, जेवल्यावर पुन्हा पेस्ट. कार्ड धरून बघितलं. अर्धी छटा तरी उतरली होती. निदान कार्ड उजेडात धरलं की तसं दिसत होतं.

बुधवारी शाळेला निघालो. शिरपामाळावरून उतरणारा वारा तोंडात शिरला आणि दातांतून असा सणका गेला, की मोटरसायकल करवंदीच्या जाळीत जाता जाता राहिली. मी समजूत घातली, पेस्ट काम करतेय. औषध झोंबलं म्हणजे लागू पडलं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं.

गुरुवारी चहा पिता येईना. गुरुवारीच मंजुषानं मला परसात दुपारी बाराला दात घासताना पाहिलं.

"कुणी येणार आहे का शाळेत?"

"नाही. का?"

"नवीन मॅडम आल्यात म्हणे."

"योगिता मॅडम? हो, आल्यात की. पंधरा दिवस झाले."

"अस्सं," मंजुषा म्हणाली.

त्या अस्संनंतर चहा असा उकळता येऊ लागला, की कपाच्या कानालाही हात लावता येईना. मी मनात म्हटलं, थंडीचे दिवस, बाई काळजी घेतेय. खिडकीत ठेवून कोमट करायचो आणि एका गालातून हळूच आत सोडायचो. शनिवारपर्यंत माझी अशी स्थिती झाली होती, की शाळेत पहिलीतल्या चिमीनं "गुरुजी" म्हणून हाक मारली तर "ओ"सुद्धा मी नाकातून द्यायचो. तोंड उघडलं की हवा आत, हवा आत गेली की वीज आत.

पण तयारी पूर्ण झाली होती. अठ्ठावीसच्या जागी तीस. दोन वेळा तर मी जास्तीच्या टाकल्या होत्या, वाटखर्चाला.

रविवारी जीप केली. पुढे ड्रायव्हरशेजारी नीलेश, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून न टेकता बसलेला. मागे मी, मंजुषा आणि पुष्पाताई. ताई पिवळी साडी नेसून आल्या होत्या. गेल्या दिवाळीची.

"दाजींना पिवळा रंग फार आवडतो, म्हणून मुद्दाम," त्या म्हणाल्या. "आणि दाजी, तोंडाला मफलर कशाला? डाकू वाटताय."

"हंडी आहे," मी मफलरातून म्हणालो.

"काय?"

"थंडी आहे म्हणतायत," मंजुषानं बाहेर बघत सांगितलं. गुरुवारनंतर ती माझ्याशी एवढंच बोलली होती, आणि तेही ताईंना.

करवंदपाडा उतारावर आहे. घरं कुडाची, अंगणं नुकती सारवलेली, आणि पाड्याच्या खाली आंब्याच्या मुळातून फुटलेला झरा. जयश्रीचे वडील लहान्याभाऊ पुढे आले. अंगणात गोधड्या टाकल्या होत्या, तीसेक माणूस जमलं होतं. अंगणावर घातलेल्या मांडवाच्या आढ्याला बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली दिसली. नेमकी माझ्या डोक्यावर. मी जागा बदलून बसलो.

चहा आला. वाफा येत होत्या. मी कप हातात धरला आणि धरूनच राहिलो.

"गुरुजी, चहा घेवा की," लहान्याभाऊ म्हणाले.

मी मान हलवली. ओठ मिटूनच.

"साखर जास्त हाय का?"

मी मान हलवली.

"बकरीच्या दुधाचा हाय, नको वाटत असंल."

मी घाईनं जोरात मान हलवली. नको वाटत नाही, असं सांगायचं होतं मला. पण मान ती मान, नकाराला ती एकाच तऱ्हेनं हलते. लहान्याभाऊंनी कप उचलून नेला. कुणीतरी मागे म्हणालं, "शिकलेला माणूस हाय, आपला चहा कशाला पिणार."

नीलेशनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, चिंता करू नको, मुख्य काम पाण्याचं.

आणि कोंडीआत्या पाणी घेऊन आल्या. लहान्याभाऊंची आत्या, कमरेत वाकलेली, पण हातातला पितळी लोटा सरळ. काठोकाठ भरलेला. पहाटे झऱ्यावरून आणून सावलीत ठेवलेला. लोट्याच्या अंगावर बाहेरून दव धरलं होतं. पाच दिवस मी दाताला काय काय दिलं याचा हिशोब केला होता, पण रविवारी त्याच दातांवरून माघातल्या झऱ्याचं लोटाभर पाणी जायचं आहे, हे माझ्या त्रैराशिकात नव्हतंच.

"घे रं बाबा मास्तर," कोंडीआत्या म्हणाल्या. "एका दमात हां. आमची पोर बी एका शब्दाची हाय."

मी लोटा उचलला. देवाचं नाव घेतलं. पहिला घोट आत गेला.

काय सांगू. नीलेश एकदा म्हणाला होता, चालू तारेला चुकून हात लागला की माणसाला सगळे पूर्वज रांगेनं दिसतात. मला तर त्यांच्या पूर्वजांचे पूर्वज दिसले. माझे डोळे भरले, तोंड डावीकडे गेलं, एक पाय आपोआप वर झाला, आणि लोटा खाली. खाली म्हणजे जमिनीवर. जवळजवळ पूर्ण भरलेला.

कुणी हललं नाही. कोंबडीनंसुद्धा टिपणं थांबवलं.

लहान्याभाऊंचा चेहरा हळूहळू उतरला. आतल्या खोलीत काहीतरी भांडं पडलं. नीलेश खांबावर चढलेला असताना खालून कुणी शिडी काढून न्यावी, तसा दिसत होता.

"नाय, नाय," मी म्हणालो, "तसं नाही. पाणी फार..."

"फार काय?" लहान्याभाऊंनी विचारलं.

"फार थंड आहे."

"माघात झरा काय चुलीवर ठेवायचा?"

"तेच म्हणतो," मला एकदम मार्ग दिसला. "जरा ऊन करून द्याल का?"

आता आमच्याकडे ऊन पाणी दोघांनाच देतात. एक बाळंतिणीला आणि एक शेवटच्या आंघोळीला. सोयरिकीचं पाणी ऊन करून मागणारा कर्ता माणूस त्या पाड्यानं कधी पाहिला नव्हता. कोंडीआत्यांनी पदर तोंडाला लावला.

"हे अपशकुनाचं बोलणं हाय," त्या म्हणाल्या.

"दादा, तू बोलू नको," नीलेश म्हणाला.

पण बोलणं अंगणातून निघालं होतं. इथून बायांनी सांगितलं, मास्तर पाणी थंड बोलला. चार घरं खाली गेलं, मास्तर पाणी वाईट बोलला. झऱ्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्या तोंडी पाण्यात किडे पडले होते. कारण पाचच मिनिटांत देवानंद नावाचा एक तरुण धापा टाकत वर आला. पाड्याच्या पाणी समितीवर होता. हातात प्लास्टिकमध्ये घातलेला कागद.

"गुरुजी, हा रिपोर्ट बघा. तपासलेलं पाणी हाय. पिण्यास योग्य. खाली शिक्का हाय. किडे कुठं दिसले दाखवा."

"मी किडे म्हणालो नाही हो."

"मंग लोटा खाली का ठेवला?"

मला वाटलं, आता एकच शस्त्र उरलं. ज्यासाठी पाच दिवस तपश्चर्या केली, ते. मी सगळ्या अंगणाकडे तोंड करून, सतरा वर्षांत पहिल्यांदा, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसलो.

बगळ्यांचा थवा काही उतरला नाही. वारा मात्र उतरला, थेट हिरड्यांपर्यंत. हसता हसता मी विव्हळलो, आणि ते हसणं असं काही दिसलं असावं, की पुढची दोन पोरं आईच्या मागे लपली.

"हा आपल्याला दात विचकून दाखवतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

लहान्याभाऊ उठले. शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आमचं काय चुकलं असंल तं माफी करा. जीपवाल्याला सांगतो."

संपलं. नीलेश खाली मातीत बघत होता. पुष्पाताई काहीतरी बोलायला उठल्या आणि त्यांना शब्दच सापडले नाहीत, यावरून प्रसंग किती वाईट होता ते ओळखा.

तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला.

"गुरुजी, दिवसातून किती वेळा घासता?"

पुन्हा भिंत, पुन्हा मुलीचा आवाज, पुन्हा माझेच दात. पण या वेळी आवाजामागे हसू नव्हतं, आणि आवाज भिंतीपलीकडे थांबलाही नाही. जयश्री बाहेर आली. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं आपणहून बोलणं तिकडे बसत नाही, म्हणून लहान्याभाऊ चपापले. तिनं पदर खोचला आणि सरळ माझ्यासमोर बसली.

"बाबा, थांबा. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. असं तोंड रोज चार बघते. गुरुजी, किती वेळा?"

"सहा," मी म्हणालो.

"आ करा."

तीस माणसांसमोर मी आ केला. जयश्रीनं मोबाईलची बॅटरी लावली. पाणी समिती डावीकडून वाकली.

"सरक, मला बी दिसू दे," कोंडीआत्या म्हणाल्या.

"कशाकशानं घासलं?" जयश्रीनं विचारलं.

मी आ केलेल्या तोंडानंच यादी सांगितली. पेस्ट, कोळसा, कडक ब्रश. लिंबू-मिठाला तिनं डोळे मिटले.

"आणि हे पाच दिवसांचं काम नाही. किती वर्षं चाललंय?"

मंजुषा समोर बसली होती. मी तोंड मिटलं, खाली बघितलं आणि म्हणालो, "सतरा."

जयश्रीनं शेजारच्या कुडाच्या भिंतीवर हात ठेवला.

"गुरुजी, ही भिंत बघा. आत कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचं लिंपण. दात असाच असतो. वर पांढरट लिंपण, आत काठी. ती काठी सगळ्यांचीच पिवळी असते. पेस्ट चहाचे, तंबाखूचे डाग काढते, वरचेवर. तुमच्यावर डाग नव्हतेच, तुमचा रंगच जन्मापासून तसा. तुम्ही भिंत घासत बसलात. लिंपण विरळ झालं, काठी दिसायला लागली. आणि काठी दिसली की तुम्ही म्हणायचात, भिंत मळलीय, अजून घासा."

सतरा वर्षं मी गणित शिकवलं. इतकं सोपं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"परत लिंपता येतं का?" मी विचारलं.

"भिंतीला येतं. दाताला परत उगवत नाय. आहे तेवढं जपायचं. आजपासून हे सगळं बंद, मऊ ब्रश, हळू हात. झोंबणं आठ-पंधरा दिवसांत बरंचसं उतरेल. नाय उतरलं तर दवाखान्यात या."

लहान्याभाऊ इतका वेळ हिशोब जुळवत होते. "म्हणजे आमचं पाणी वाईट नाय?"

"पाणी चांगलं आहे हो," मी म्हणालो. "दात वाईट आहेत माझे."

"वाईट नाहीत," मंजुषा म्हणाली.

एवढं मोठ्यानं, की सगळे तिच्याकडे बघू लागले. मग ती साडीचा काठ नीट करत बसली.

आता प्रश्न उरला लोट्याचा. रीत ती रीत. पाणी झऱ्याचंच हवं, थंडच हवं, कर्त्यानंच प्यायला हवं, एका दमात. देवानंद म्हणाला, समितीची बैठक घेऊ. जयश्री काही न बोलता परसात गेली आणि पपईच्या पानाचा एक वाळलेला देठ घेऊन आली. आतून पोकळ, बोटाएवढा जाड, हातभर लांब. दोन्ही टोकं कापून तिनं तो धुतला.

"हा दातांच्या मागे न्या, जिभेवर. दाताला पाणी लावू नका."

सगळ्यांनी कोंडीआत्यांकडे बघितलं. त्यांनी देठाकडे बघितलं, लोट्याकडे बघितलं, मग नीलेशच्या तोंडाकडे बघितलं.

"रीत एका दमाची हाय," त्या म्हणाल्या. "ओठानं का देठानं, ते कुणी सांगून गेलं नाय."

मी गुडघ्यावर बसलो, देठ तोंडात घातला आणि ओढायला लागलो. हसू नका. एक लोटा, एक देठ, एक दम. मध्येच मला वाटलं, लोट्याला खालून झरा लागलाय. अंगणातली पोरं अंक मोजत होती आणि बायांनी गाणं उचललं होतं:

*मास्तर आला पाण्याला, बाई, मास्तर आला पाण्याला,*
*ओठ ठेवले घराला, बाई, देठ आणला प्यायाला!*

चाळीसला पाणी संपलं. माझा चेहरा जांभळा झाला होता, कान वाजत होते, पण दात शाबूत. मी लोटा उपडा केला. तळाशी राहिलेला थेंब नीलेशच्या इस्त्रीच्या शर्टवर पडला. त्यानं पुसलासुद्धा नाही.

"पाणी गोड," मी म्हणालो.

"तोंड उघडून बोल," कोंडीआत्या म्हणाल्या.

"पाणी गोड," मी दात दाखवून म्हणालो, आणि पाडा हसला, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. निघताना कोंडीआत्यांनी आढ्यावरचं एक कणीस काढून मंजुषाच्या ओटीत घातलं.

परतीला जीपमध्ये नीलेश पुढे बसून मोबाईलशी हळू आवाजात बोलत होता. पुष्पाताईंचं तोंड आता मोकळं झालं होतं.

"दाजी, एवढ्या वर्षांत तुमचे दात आज पहिल्यांदा बघितले हो."

"पहिल्यांदा?" मी म्हणालो. मनात साचलेलं आता थांबेना. "आणि मी मुलगी बघायला आलो होतो तेव्हा?"

"तेव्हा मी कुठं होते घरी? मी वसईला गवताच्या कामावर. आले ती थेट तुमच्या हळदीला."

माझ्या डोळ्यांसमोरून सतरा पिवळ्या साड्या ओळीनं गेल्या. फाटा आला, ताई उतरल्या. खिडकीशी येऊन म्हणाल्या, "येत्या दिवाळीला एखादी हिरवी चालेल हां, दाजी. पिवळ्यात मी आता झेंडूची माळ दिसते." आणि गेल्या.

जीप घाट चढू लागली. मी मफलर तोंडावर घेतला. मंजुषा मांडीवरच्या कणसावरून बोट फिरवत होती.

"म्हणजे ते योगिता मॅडमसाठी नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"घासणं."

"मंजुषा, त्या पुढच्या वर्षी निवृत्त होतायत."

चहा इतका उकळता का येत होता, ते मला तिथं, त्या वळणावर कळलं.

"मग कुणासाठी?"

मी सांगितलं. भिंत, पोहे, आवाज, हसू. सतरा वर्षं दप्तरात ठेवलेलं सगळं. "आणि मी समजत होतो, ताई. आता त्याही नाहीत म्हटल्यावर कोण ते देवालाच ठाऊक."

मंजुषानं माझ्याकडे बघितलं नाही. कणसाचा एक दाणा नखानं टोकरला, परत सोडला.

"ती मी होते."

"तू?"

"सोमीला म्हणाले होते. माझी मैत्रीण, शेजारची."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि हे बाईनं आपणहून कसं सांगायचं?" तिनं कणीस उचलून माझ्या हातात दिलं. "आमच्या आढ्याला पण एक असं असायचं. सगळ्या रानातून निवडलेलं, पिवळंधमक. आम्ही पोरं कितीही रडलो तरी आई ते भाजू देत नसे. म्हणायची, बाकीची खावा, हे ठेवायचं. तुम्ही पोहे खात होतात, मी फटीतून बघितलं, आणि मला तेच आठवलं. सोमी हसली, बाकीच्या पोरीही हसल्या. म्हणून मग मी तिला हळूच सांगितलं, हसू नको गं, मला हेच ठेवायचंय."